जुन्या वायूची रवानगी

बेंगळुरूत १९८० च्या दशकात आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात विकल्या गेलेल्या ज्या मारुती ८००, कॉन्टेसा किंवा प्रीमियर ११८ एनई मोटारी आजही कोणीतरी हौसेने जपून चालवत आहे, त्यांच्यापैकी वातानुकूलित असलेल्या बहुतेकींची यंत्रणा आर-१२ या वायूवर चालण्यासाठी बेतलेली होती, आणि तो वायू आता कारखान्यांत तयारच होत नसल्यामुळे मालकाला ती यंत्रणा आर-१३४ए या नंतरच्या वायूवर आणावी लागते. गॅरेजमध्ये या कामाला ‘गॅस बदलणे’ म्हणतात. पण वायू हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो तीस-पस्तीस वर्षे त्या वायूच्या संगतीत राहिलेल्या तेलाचा, रबराचा आणि धातूचा, आणि त्याहून अवघड आहे तो जुन्या वायूचे करायचे काय हा प्रश्न, जो सहसा कोणी विचारत नाही.

ज्या पदार्थाच्या उकळण्याने आणि पुन्हा द्रव होण्याने उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते त्याला प्रशीतक म्हणतात. मोटारीत डॅशबोर्डच्या मागे असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये हा पदार्थ कमी दाबाखाली उकळतो व आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबून तापवतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती वाफ बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. आणि ड्रायर नावाच्या, ओल शोषणारे दाणे भरलेल्या डब्यातून गाळून एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून पुन्हा कॉइलमध्ये शिरते. समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाखाली आर-१२ उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि आर-१३४ए उणे २६ अंशांच्या आसपास उकळतो. हे आकडे इतके जवळचे आहेत की एकाच्या जागी दुसरा सहज खपून जाईल असा समज होतो, आणि अर्धवट केलेली बरीचशी कामे याच समजातून होतात.

आर-१२ हा आपल्या काळी उपकारकर्ताच होता. त्याच्या आधीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड वापरत, आणि ते गळले तर घरातल्या माणसांच्या जिवावर बेते. जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली यांनी १९२८ च्या सुमारास सहकाऱ्यांसह जो क्लोरोफ्लुरोकार्बन पुढे आणला तो विषारी नव्हता आणि पेटणाराही नव्हता. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी तो छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. हा पदार्थ कशाशीच संयोग पावत नाही, म्हणून तो माणसाला सोसतो. आणि कशाशीच संयोग पावत नाही म्हणूनच तो शंभर वर्षांच्या आसपास हवेत टिकून स्थितांबरापर्यंत, म्हणजे वातावरणाच्या ओझोन असलेल्या थरापर्यंत, पोहोचतो आणि तिथल्या अतिनील किरणांनी फुटून क्लोरीन मोकळा करतो. रसायनशास्त्रज्ञ मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ साली हे गणित मांडले, १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनची घट जगापुढे आली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी अशा वायूंना आवर घालणारा माँट्रियल करार झाला. गरीब देशांना बदलाचा खर्च देणारा निधी ठरल्यावर, १९९२ साली, भारत त्यात सामील झाला. २००० साली केंद्र सरकारने नियम केले, २००३ च्या आरंभापासून नव्या उपकरणांत हे वायू घालणे बंद झाले आणि दम्याच्या फवाऱ्यांसाठी लागणारा औषधी दर्जाचा वायू वगळता त्यांचे उत्पादन १ ऑगस्ट २००८ पासून थांबले.

या साऱ्या व्यवस्थेने लगाम घातला तो उत्पादनाला आणि आयात-निर्यातीला. ज्या मोटारीत आर-१२ आधीच भरलेला आहे तिच्या मालकाने तो काढून टाकावा असा आग्रह तिने धरला नाही. जुन्या मोटारींचे रूपांतर घडवून आणले ते टंचाईने. जोवर नळ्या घट्ट होत्या तोवर गाडी थंड राहिली, गळती झाली तेव्हा उरल्यासुरल्या साठ्यातून भर घातली गेली, आणि एक दिवस मेकॅनिकने आता हा गॅस मिळत नाही असे सांगितले की वायूचा प्रश्न पहिल्यांदाच मालकासमोर उभा राहिला. धोरण म्हणून ही रीत शहाणपणाची ठरली, कारण लाखो मोटारींच्या मागे निरीक्षक धाडणे कोणत्याच सरकारला जमले नसते. पण तिची एक किंमत होती, आणि ती पुढे येईल.

बेंगळुरू हे असे काम करून घ्यायला बरे शहर आहे. जयचामराजेंद्र रस्त्यावर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या जे. सी. रोडवर, मोटारींच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे, आणि विमानांच्या व यंत्रांच्या सार्वजनिक कारखान्यांमुळे धातूच्या बारीक कामाचा हात इथे पिढ्यांपासून तयार आहे. विमानांचा तो कारखाना १९४० साली उभा केला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, आणि चारच वर्षांनी स्थापन होऊन पुढे कुर्ल्याला जिचे बस्तान बसले ती प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीही त्यांचीच. तेव्हा बेंगळुरूत उरलेली एखादी प्रीमियर ही तशी माहेरच्याच गावात म्हातारी झाली म्हणायला हरकत नाही. पण हे विषयांतर झाले.

कामाचा आरंभ तेलापासून होतो. कॉम्प्रेसरला वंगण पुरवणारे तेल प्रशीतकात मिसळून सगळ्या यंत्रणेत फिरते आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे परतते. आर-१२ बरोबर वापरले जाणारे खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, त्यामुळे नुसता वायू बदलला तर ते कॉइलच्या आणि कंडेन्सरच्या तळाशी साचून राहते, उष्णतेच्या देवघेवीत आडवे येते आणि तिकडे कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. हे लगेच घडत नाही. काही दिवस गाडी छान थंड होते, मालक खूश होतो, आणि बिघाड उघड होतो तोवर तो त्या कामाशी जोडण्याची आठवणही कोणाला राहत नाही. नव्या वायूसाठी दोन जातींची तेले मिळतात. नव्या गाड्यांत पॅग, म्हणजे पॉलिअल्किलीन ग्लायकोल, घालतात; ते उत्तम वंगण आहे, परंतु हवेतली ओल झपाट्याने ओढून घेते आणि जुन्या यंत्रणेत उरलेल्या क्लोरीनयुक्त अंशाशी त्याचे जमत नाही. एस्टर जातीचे तेल जुन्या खनिज तेलाच्या थोड्या अवशेषासह नांदू शकते, म्हणून रूपांतराच्या कामात तेच अधिक शहाणपणाचे, मग कॉम्प्रेसर खोलून जुने तेल पूर्ण ओतून काढले असो वा नसो. अर्थात ओतून काढणे हे केलेच पाहिजे.

ड्रायर बदलणे हे या कामातले सर्वांत स्वस्त कलम आणि तरीही सर्वाधिक वेळा वगळले जाणारे. जुन्या ड्रायरमधले दाणे आर-१२ च्या रेणूच्या मापाने निवडलेले असतात आणि नव्या वायूत ते नीट टिकत नाहीत. त्यांचा भुगा झाला तर तो थेट एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी जाऊन अडकतो. सांध्यांमधल्या ओ-रिंगा, म्हणजे गळती रोखणारी रबरी वळी, जुन्या नायट्राइल रबराच्या असतात आणि त्यांच्या जागी हायड्रोजनयुक्त नायट्राइलच्या, बहुधा हिरव्या रंगाच्या, ओ-रिंगा घालतात. होजच्या, म्हणजे रबरी नळ्यांच्या, बाबतीत मात्र पुस्तक एक सांगते आणि अनुभव दुसरे. आर-१३४ए चा रेणू लहान असल्याने तो साध्या रबरातून झिरपतो, म्हणून नव्या होजना आतून नायलॉनचे अस्तर असते. परंतु वर्षानुवर्षे खनिज तेल प्यायलेली जुनी होज आतून इतकी माखलेली असते की ती पुष्कळदा अपेक्षेपेक्षा चांगली टिकते, आणि केवळ तत्त्वासाठी चांगली होज काढून तिच्या जागी हलक्या हाताने दाबून बसवलेल्या सांध्यांची नवी होज घालणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. वायू भरण्याची तोंडेही बदलावी लागतात: आर-१२ च्या तोंडांना आटे असतात, तर आर-१३४ए साठी कमी दाबाच्या बाजूला १३ आणि जास्त दाबाच्या बाजूला १६ मिलिमीटरची, झटकन बसणारी तोंडे ठरवलेली आहेत, ती जाणूनबुजून वेगळी ठेवली आहेत, जेणेकरून एका वायूची नळी दुसऱ्या वायूच्या गाडीला चुकूनही लागू नये.

यानंतर सगळी यंत्रणा पंपाने निर्वात करतात, म्हणजे ‘व्हॅक्यूम मारतात’, आणि इथे बेंगळुरूची उंची प्रत्यक्ष कामात उतरते. या पायरीचा हेतू हवा काढणे एवढाच नसून आत अडकलेले पाणी सामान्य तापमानाला उकळवून बाहेर काढणे हाही असतो, कारण पाण्याचा थेंब राहिला तर तो व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो किंवा तेलाशी मिळून आम्ल तयार करतो. गेजची सुई भोवतालच्या हवेच्या तुलनेत पोकळी मोजते आणि भोवतालची हवा उंचीनुसार विरळ होत जाते. मुंबईत परिपूर्ण निर्वात म्हणजे पाऱ्याचे जवळजवळ ३० इंच, पुण्यात सुमारे २८, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवर वसलेल्या बेंगळुरूत जेमतेम २७. पंचवीस अंशांना पाणी उकळण्यासाठी आतला दाब शेवटच्या एका इंचाच्या आत आणावा लागतो. म्हणजे सत्तावीसच्या जवळ गेलेली सुई बेंगळुरूत काम पुरे झाल्याची खूण आहे, तर मुंबईत तीच सुई आत अजून तीन इंच हवा असल्याचे आणि पाणी जागचे हलले नसल्याचे सांगते. समुद्रकाठच्या यंत्रांसाठी लिहिलेली पुस्तिका वाचून तिसाव्या इंचाची वाट पाहणारा इथे चांगल्या पंपाला दोष देत बसेल.

दुसरी स्थानिक गोष्ट हवामानाची, आणि तिच्यात एक विरोधाभास आहे. इंग्रजांनी १८०९ साली इथे लष्करी छावणी वसवली ती बरीचशी हवेसाठीच, आणि नंतर कितीतरी काळ हे गाव निसर्गानेच वातानुकूलित केलेले म्हणून ओळखले जाई. अशा ठिकाणी मोटारीत थंडावा कशाला हवा होता, हे आज विचारले तर उत्तर तापमापकात पूर्ण सापडत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये पारा ३९.२ अंशांवर गेला होता खरा, पण नागपूरच्या मे महिन्यापुढे ते काहीच नव्हे. उत्तर वाहतुकीत आहे. टॉमटॉम या कंपनीच्या २०१९ च्या जागतिक पाहणीत बेंगळुरू सर्वाधिक कोंडीचे शहर ठरले होते, मोकळ्या रस्त्याच्या मानाने प्रवासाला सरासरी ७१ टक्के जास्त वेळ लागत होता, आणि तासन्‌तास धुरात उभ्या असलेल्या गाडीची काच खाली करणे शक्य नसते म्हणून ती वर करून आतली हवा थंड करावी लागते.

नेमक्या याच स्थितीत आर-१३४ए चा वेगळा स्वभाव दिसतो. दोन्ही वायूंचा दाब वीस अंशांच्या जवळपास सारखा असतो. थंड बाजूला नव्याचा किंचित कमी, तर गरम बाजूला जास्त. कंडेन्सरमध्ये वाफ ६० अंशांना द्रव होत असेल तर आर-१२ ला सुमारे १५ बार दाब लागतो आणि आर-१३४ए ला सुमारे १७. एक बार म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेचा साधारण दाब. धावत्या गाडीत समोरून येणारा वारा हा फरक पोटात घालतो, पण सिल्क बोर्डच्या चौकात उभ्या असलेल्या गाडीत कंडेन्सरला वारा मिळतो तो फक्त पंख्याचा, तोही समुद्रसपाटीपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ हवेचा, आणि पुढच्या बसच्या इंजिनाने तापवलेला. कॉम्प्रेसरचा दाब चढत जातो, ७९६ घनसेंटिमीटरचे छोटे इंजिन थरथरते, आणि मालक गॅसच खराब आहे असा निष्कर्ष काढतो. म्हणून बेंगळुरूत रूपांतर करताना पैसा खर्चायचा तर तो कंडेन्सरवर खर्चावा: जुन्या नागमोडी नळीच्या जागी अनेक चपट्या नळ्या शेजारी-शेजारी असलेला, पॅरलल-फ्लो पद्धतीचा कंडेन्सर, त्यापुढे विजेचा स्वतंत्र पंखा, आणि दाब हाताबाहेर गेल्यास कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच. नागपूरला हे अपरिहार्य आहे. इथे ते चालढकल करता येण्याजोगे आहे, आणि म्हणूनच इथे ते सहसा केले जात नाही.

वायू भरायचा तो वजनाने, जुन्या मापाच्या साधारण ८० ते ९० टक्के. आर-१२ च्या काळात ड्रायरवरच्या काचेत बुडबुडे दिसेनासे झाले की भरण पुरे झाले असे मानत. आर-१३४ए मध्ये योग्य भरणालाही थोडे बुडबुडे राहू शकतात, आणि ते घालवण्याच्या नादात जादा वायू भरला जाऊन दाब आणखी चढतो. जुन्या कारागिराचे डोळ्यांचे शिक्षण इथे उलट आडवे येते, आणि वजनकाटा हातात घ्यायला त्याला कमीपणा वाटतो.

याहून सोपी वाट दाखवणारेही भेटतात. प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण, म्हणजे मूलतः स्वयंपाकाच्या गॅसचेच भाऊबंद, दाबाने आर-१२ च्या बरेच जवळ असते, खनिज तेलात मिसळते, काही बदलावे लागत नाही आणि थंडावाही चांगला देते. हा पदार्थ मुळातच त्याज्य आहे असे नव्हे. गोदरेजसारख्या कंपनीने घरगुती फ्रिजमध्ये हायड्रोकार्बन वायू आणला आणि तो सुखाने चालतो. पण फ्रिजमध्ये तो अगदी थोडा असतो आणि सांधे कारखान्यात कायमचे बंद केलेले असतात. मोटारीत तो शेकडो ग्रॅम लागतो, सांधे सतत हादरतात आणि कूलिंग कॉइल फुटली तर तो माणसे बसली आहेत तिथेच येतो. याहून वाईट धोका भेसळीचा. २०११ साली व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या काही शीतकंटेनरांचे स्फोट होऊन माणसे दगावली. आर-१३४ए म्हणून भरलेल्या वायूत मिथाइल क्लोराइड मिसळलेले होते आणि ॲल्युमिनियमशी संयोग पावून त्याने हवा लागताच पेटणारे संयुग तयार केले होते. ज्या विषातून सुटका म्हणून मिजली यांचा वायू आला, तेच विष ऐंशी वर्षांनी नव्या वायूच्या डब्यातून परतले. सीलबंद, ओळखीच्या कंपनीचा डबा घेणे हा इथे चोखंदळपणा नव्हे.

आता जुन्या वायूकडे वळावे लागते. शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-१२ ची पृथ्वी तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,९०० पट धरतात. छोट्या गाडीत समजा ७०० ग्रॅम वायू असेल, तर तो हवेत सोडणे म्हणजे सुमारे साडेसात टन कार्बन डायऑक्साइड सोडणे, आणि किलोमीटरला दीडशे ग्रॅम धूर टाकणारी गाडी तेवढा कार्बन डायऑक्साइड पन्नास हजार किलोमीटर चालून सोडते. ओझोनचे नुकसान यात धरलेलेच नाही. नटाला पाना लावून फुस्स करत वायू मोकळा करायला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि त्याला रंग नाही, वास जवळपास नाही, कोणाला इजाही होत नाही. तो परत ओढून सिलिंडरमध्ये भरणारे यंत्र अस्तित्वात आहे, २००४ पासून राबवलेल्या राष्ट्रीय योजनेत हजारो मेकॅनिकना त्याचे प्रशिक्षणही दिले गेले, परंतु ओढलेला वायू घेऊन जायचे कुठे, त्याचे पैसे कोण देणार, या प्रश्नांना छोट्या गॅरेजच्या पातळीवर सोयीचे उत्तर मिळत नाही. उत्पादनावर लगाम घालून साठ्याला मोकळे सोडण्याची किंमत ती ही.

बहुतेक गाड्या रूपांतराला येतात तेव्हा त्यांतला आर-१२ आधीच गळून गेलेला असतो, हेही खरे. पाप कोणा एकाच्या हातून घडलेले नसते, तर दरवर्षी थोडे-थोडे, उन्हाळ्याच्या तोंडावर भर घालत-घालत झालेले असते. त्यामुळे एक निष्कर्ष हौशी मालकांना रुचणार नाही तरी मांडावा लागतो: ज्या जुन्या गाडीची आर-१२ ची यंत्रणा अजून घट्ट आहे आणि थंडावा देते आहे, ती नव्या वायूवर आणण्याची घाई करू नये, कारण त्या वायूला त्या नळ्यांइतकी सुरक्षित जागा शहरात दुसरी नाही. रूपांतर रिकाम्या गाडीचे करावे, आणि भरलेल्या गाडीचे करणे भागच पडले तर आधी वायू ओढून घेणाऱ्याचा शोध घ्यावा.

नवा वायूही फार काळ नवा राहणार नाही. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नसल्याने ओझोनला त्याचा धोका नाही, पण तोही कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता अडवतो. युरोपने २०१७ पासून नव्या मोटारींत तो वर्ज्य केला, आणि माँट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार, जिला भारताने २०२१ साली मान्यता दिली, या जातीच्या वायूंचा वापर २०२८ पासून गोठवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. त्यानंतरचा आर-१२३४वायएफ हवेत काही दिवसांतच विघटित होतो, पण महाग आहे, थोडासा ज्वलनशील आहे आणि त्याच्या विघटनातून उरणाऱ्या आम्लाविषयी वाद चालू आहे. म्हणजे आज रूपांतरित झालेल्या मारुतीसमोर, ती तोवर जगली तर, टंचाईचा तोच प्रसंग दुसऱ्यांदा उभा राहील.

तेव्हा बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी लावणे हे या कामातले अखेरचे कलम क्षुल्लक वाटले तरी टाळू नये: कोणता वायू, किती ग्रॅम, कोणते तेल, कोणत्या तारखेला. परदेशांत काही ठिकाणी ती सक्तीची आहे. इथे ती मेकॅनिकच्या मर्जीवर आहे. आर-१२ आणि आर-१३४ए एकत्र झाले तर विशिष्ट प्रमाणात त्यांचे असे मिश्रण बनते की ते एकाच पदार्थासारखे उकळते आणि साध्या ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळवून व थंड करून, वेगळे करता येत नाही. चिठ्ठी नसलेल्या गाडीतला वायू पुढच्या मेकॅनिकने अंदाजाने ओढून आपल्या सिलिंडरमध्ये घेतला, तर त्या सिलिंडरमधला आधीचा सगळा शुद्ध वायूही निकामी होतो, आणि त्याला मग अतितप्त भट्टीत जाळून नष्ट करण्यावाचून उपाय उरत नाही.